मिरजेचें स्टेशन

मिरज म्हटलें कीं कोणास तेथील सतारी-तंबोरे आठवतील, कोणास डॉक्टर वान्लेस यांनीं 1894 सालीं सुरू केलेलें मिशनचें रुग्णालय आठवेल. आम्हांस मात्र प्रथम आठवतें तें तेथील स्टेशन. कारण पंढरीच्या वाटेवर तेथें उतरल्यावांचून पुढें जातां येत नसे.

ह्याचें कारण रूळ. पुण्याकडून येणारा मीटरगेज मार्ग 1971 सालीं रुंद, म्हणजे साडेपांच फुटांचा झाला. दक्षिणेस बेळगांवकडे जाणारा पुढेंही बरींच वर्षें मीटरगेजच राहिला; आणि पंढरपुरास जाणारी गाडी तर अवघ्या अडीच फुटांच्या रुळांवरून धांवे. हीच बार्शी लाइट रेल्वे. कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें 1897 सालीं ती बार्शी रोड, म्हणजे आतांचें कुर्डुवाडी, येथून बार्शीस नेली. 1906 सालीं ती पंढरपुरास, 1911 सालीं लातुरास आणि 1927 सालीं मिरजेस पोंचली. एका डब्यांतलीं पोतीं हमालांनीं पाठीवर घेऊन दुसऱ्यांत भरावयाचीं, आणि माणसांनीं बोचकीं व पोरेंबाळें सांभाळीत फलाट बदलावयाचा! यात्रेच्या दिवसांत त्या चिमुकल्या गाडीच्या टपावरही माणसें बसत.

1974 सालीं आजीस घेऊन आम्ही आषाढीसाठीं निघालों. आमचें वय चौदा. सोबतीस दुसरें कोणी नव्हतें. आजीचें सोवळें कडक, प्रवासांत परक्या हातचें पाणी ती कधीं घेत नसे. घरून आणलेला तांब्या गाडींतच कलंडला होता. छोटी गाडी सकाळीं सुटावयाची, म्हणून सारी रात्र फलाटावर वारकऱ्यांच्या गर्दींत काढली. पहांटे आजीचा घसा इतका सुकला कीं शब्द फुटेना. शेजारीं बसलेल्या एका वारकरी बाईनें, कोणी न मागतां, आपला तांब्या तिच्या हातांत दिला आणि "घ्या, माउली," एवढेंच म्हटलें. आजीनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, आणि ती पाणी प्यायली. घरीं परतल्यावर ही गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नाहीं; तिनेंही नाहीं.

आतां सारेच रूळ रुंद झाले आहेत. प्रवासी झोपेंतच मिरज ओलांडतो, आणि शेजारीं कोण बसलें होतें हें त्यास ठाऊकही नसतें. ह्याचें आम्हांस वाईट वाटे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु 2016 सालीं लातुरांत पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडला, तेव्हां एप्रिल महिन्यांत मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी निघाली: 10 वाघिणी, प्रत्येकींत सुमारें 50 हजार लिटर पाणी. पुढें 50 वाघिणींच्याही गाड्या गेल्या. रूळ अडीच फुटीच असते तर त्या अवजड वाघिणी मिरजेबाहेर निघाल्याच नसत्या. त्या पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, आजीच्याच वाटेनें, लातुरास गेल्या.