सातास सहा

आमच्या घरी चांदीचा एक हाली रुपया आहे. एका बाजूला चारमिनार, कडा पार झिजलेल्या. लहानपणी तो माझ्या खेळण्यांत होता, मग आईने उचलून देवघरात ठेवला, आता माझ्या टेबलावर असतो. परभणी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती तेव्हा बाजार याच नाण्यावर चालायचा. शेजारच्या वऱ्हाडात आणि मुंबईत इंग्रजांचा कलदार. कलदारात चांदी जास्त, म्हणून सहा कलदाराला सात हाली. सरकारी हिशेबात १०० कलदाराचे ११६ रुपये, १० आणे, ८ पै.

आजोबा मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मुनीम होते. ते सांगायचे, कापसाच्या हंगामात बाहेरचे व्यापारी कलदार घेऊन येत आणि शेतकऱ्याला हवे असत हाली. साहजिकच हाली थोडे चढायचे, हंगाम संपला की उतरायचे. या चढउतारावर सराफांची पेढी चाले. पण आजोबांच्या तोंडून मी सराफाचं कौतुक ऐकलं ते भलत्याच गोष्टीसाठी. उद्याचा भाव काय, हे तो सांगत नसे. येणाऱ्याचे कलदार घ्यायचे, जाणाऱ्याला द्यायचे, मधला बट्टा ठेवायचा आणि दिवेलागणीला दोन्ही थैल्या मेळात आणून पेढी बंद करायची. एकाच नाण्यावर पेढी पणाला लावणारा सराफ एखादं वर्ष घोड्यावर दिसे, एवढंच.

खरी परीक्षा १९४७-४८ला झाली. निजाम सरकारने हिंदी चलनावर बंदी घातली, रझाकारांची दहशत, आणि सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन. हाली आता कवडीमोल होणार, अशी आवई उठली. आजोबांच्या ओळखीच्या एका सराफाने पडेल त्या भावात सगळे हाली फुंकून टाकले. घडलं उलटंच. हैदराबाद भारतात आलं, तरी सातास सहा हा भाव कायम राहिला आणि हाली १९५९ पर्यंत चालले. दिशा त्याने बरोबर ओळखली होती, हाली जाणारच होते. फक्त ते जायला अकरा वर्षं लागली.

जुलै १९९१मध्ये सरकारने दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा मी त्याच मोंढ्यात हिशेब लिहीत होतो. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६च्या घरात गेला. वर्षानुवर्षं सरकारने बांधून ठेवलेला भाव सुटतो तेव्हा तो पायऱ्या उतरत येत नाही. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा भाव तीन वर्षं धरून ठेवला होता. १५ जानेवारी २०१५ला तो सोडला आणि काही दलालांचं दिवाळं निघालं. त्या भावावर विसंबलेल्यांचे त्या तीन वर्षांचे नफ्याचे आलेख किती सुंदर दिसत असतील!

परकीय चलनाच्या सौद्यांचा तसाच एक आलेख पुतण्याने परवा मोबाइलवर दाखवला. "काका, शंभरातले सत्तर सौदे फायद्यात." मी विचारलं, उरलेल्या तिसात किती गेले? सत्तर वेळा रुपया मिळवून तीस वेळा तीन गमावले तर वजाबाकीच उरते. भांडवल निम्मं झालं की मूळ पदावर यायला उरलेलं दुप्पट करावं लागतं. म्हणून एका सौद्यात भांडवलाचा लहानसा तुकडाच घालावा, उसनवारीवर मोठी उडी मारू नये, आणि दलाली व भावातला फरक वजा केल्यावर काय उरतं ते आधी पाहावं. पुढचा भाव ओळखण्याची विद्या यानंतर येते. माझ्या मते ती फारशी कुणाकडे नसतेच.

आणि ज्या परदेशी ॲपवर तो खेळत होता, त्याचं नाव आम्ही रिझर्व्ह बँकेच्या विनापरवाना ॲपविषयीच्या सावधगिरीच्या यादीत (ॲलर्ट लिस्ट) शोधलं. सापडलं. ही यादी २०२२पासून सर्वांसाठी खुली आहे. तिच्यात नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असंही नाही. पैसे टाकण्याआधी ती एकदा उघडून बघा.