शंभरातले शहाण्णव

माझी पहिली बढती ज्या कामावर झाली, ते काम लबाडीचं होतं. तेव्हा मी त्याला हुशारी म्हणायचो, ऑफिसही म्हणायचं. राहायला जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडीत, नोकरी सीप्झमध्ये आणि गिऱ्हाईक एक मराठी दैनिक. त्याच्या वेबसाइटची पानं लवकर उघडली पाहिजेत, एवढ्याचाच मला पगार होता.

या कामाला स्वतंत्र धंद्याचं रूप आलं ते २००७च्या सुमारास. याहूमध्ये असलेल्या स्टीव्ह साउडर्सचं पुस्तक त्या वर्षी आलं. पान उघडायला लागणारा बहुतेक वेळ सर्व्हरवर जात नाही, वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जातो, हे त्याने मोजून दाखवलं. पुढे गूगलचं लाइटहाउस आलं आणि त्या मोजमापाचे शंभरपैकी गुण मिळू लागले. गुण दिसले की आपली मराठी घरातली पोरं कशी वागतात, ते वेगळं सांगायला नको.

लाइटहाउस काय करतं? बेताच्या फोनचं आणि सुमार नेटवर्कचं सोंग घेऊन पान उघडतं, थोडं थांबतं, गुण देतं. त्यातले तीस गुण ब्राउझर किती वेळ अडकून राहिला यावर असतात. पण ते पानाला बोट लावत नाही, पान खाली सरकवतही नाही. मी नेमकं हेच हेरलं. जाहिराती, व्हिडिओ, वाचकांवर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टा, सगळं रोखून धरलं आणि वाचकाचा पहिला स्पर्श झाला की मगच सोडायचं, असं लिहून टाकलं. गुण चाळिशीतून थेट शहाण्णववर. साहेबांनी स्लाइड बनवली, टाळ्या झाल्या.

त्यानंतर एकदा अंधेरीहून धीम्या लोकलने येताना शेजारच्या माणसाने तेच दैनिक उघडलं. पान झटकन आलं. मी मनात खूश. त्याने 'क्रीडा'वर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. तोवर मी अडवलेलं सगळं लेंढार पहिल्या स्पर्शाबरोबर एकदम फोनवर कोसळलं होतं. फोन गोठला, मग वरून जाहिरात उतरली, मजकूर खाली ढकलला गेला आणि त्याचं दुसरं बोट जाहिरातीवर पडलं. "काय भंगार आहे," असं पुटपुटत त्याने ते बंद केलं आणि रील लावली. जोगेश्वरी आलं, मी उतरलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ते काढून टाकलं, असं लिहायला आवडलं असतं. नाही काढलं. त्याचा फोनच जुना असणार, अशी स्वतःची समजूत घातली. तो गुण माझ्या वार्षिक मूल्यमापनात होता, हे खरं कारण.

शेवटी गूगलनेच पकडलं. २०२० साली त्यांनी प्रत्यक्ष क्रोम वापरणाऱ्यांकडून येणारे काही निकष जाहीर केले. त्यातला एक फक्त पहिल्या स्पर्शाला ब्राउझर किती उशिरा वळतो, तेवढंच बघायचा. आमचा पहिला स्पर्श मोकळा असायचा, कारण ओझं यायचं त्यानंतर. मार्च २०२४मध्ये त्याच्या जागी आयएनपी आलं. ते सगळेच स्पर्श पाहतं आणि त्यातल्या जवळपास सर्वांत वाईटावर निकाल देतं. चांगलं ठरायचं तर २०० मिलिसेकंदांच्या आत, पाचशेच्या वर गेलं की लाल. आमची साइट लाल झाली. दैनिकातून फोन आला, "अहो, शहाण्णव मार्क आहेत ना? मग लाल कसं?" मी जाहिरातवाल्यांकडे बोट दाखवलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज याची वाटते.

दुसरी चूक अज्ञानाची, तिच्याबद्दल हसून तरी बोलता येतं. देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा जड असतो, कारण जोडाक्षरांच्या, अर्ध्या अक्षरांच्या, रफारांच्या आकृत्या आणि त्या जुळवायचे नियम त्यात असतात. आम्ही मुंबईच्याच 'एक टाइप'चा मुक्ता वापरत होतो. एका इंग्रजी मार्गदर्शिकेत पाहून मी फॉन्टची छाटणी केली आणि तिथे राखलेले इंग्रजीपुरते नियम तेवढे ठेवले. फाइल एवढीशी झाली. माझ्या लॅपटॉपवर सगळं चोख दिसत होतं, कारण आधी यंत्रावरचा फॉन्ट वापर आणि नसेल तरच उतरव, अशी सूचना मीच लिहिली होती. माझ्या यंत्रावर अख्खा मुक्ता बसवलेला होता. रात्री बदल सोडून झोपलो.

सकाळी आई फोन घेऊन आली. "अरे, तुमच्या पेपरला काय झालंय? सगळ्यांचे पाय मोडलेत!"

शीर्षकात 'मुख्‌यमंत्‌री' होते, खाली 'महाराष्‌ट्‌र' होता. धावत जाऊन जुनी फाइल परत ठेवली आणि ऑफिसातून फोन केला. आईच्या फोनवर अजून तेच. वेग वाढावा म्हणून त्या फाइलला वर्षभर फोनमध्येच राहायची परवानगी मी दिली होती आणि दुरुस्त फाइलचं नावही तेच ठेवलं होतं. मग फोन नवी मागवेल कशाला? नाव बदललं तेव्हा कुठे लोकांचे पाय जुळले.

ते दैनिक पुढे आमच्याकडून गेलं. कारण दराचं सांगितलं गेलं, मी खोदून विचारलं नाही. बढती माझ्याकडेच राहिली.

आता मीच मुलाखती घेतो. समोरची मुलं गुण सांगू लागतात तेव्हा मी त्यांच्या हातात टेबलावरचा स्वस्तातला अँड्रॉइड देतो आणि साइट उघडून वापरून दाखवायला सांगतो. बरेच जण अडखळतात. त्या वयात मीही अडखळलो असतो.

तुमचं मराठी संकेतस्थळ असेल तर एवढं करा. घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून ते उघडा. मेन्यूवर लागोपाठ तीन-चारदा बोट ठेवा. 'मुख्यमंत्र्यांच्या' आणि 'दुसऱ्या' हे शब्द नीट दिसतात का, ते पाहा. तुमच्या इंजिनिअरने आणलेली स्लाइड त्यानंतर उघडा.