रंगाखालची रेघ

शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दोघे गेली अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. सांगताना आमचा स्वर नकळत आदराचा होतो. मूळ कर्त्याचे काय आणि मागाहून चिकटलेले काय, हे ओळखून मागाहूनचे दूर सारणे म्हणजे पाठशुद्धी, ही व्याख्या विद्यार्थी निमूटपणे उतरवून घेतात. मात्र चूक मूळ कर्त्याचीच असेल तर काय करायचे, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तो आमच्यासमोर आला 2023 च्या उन्हाळ्याच्या सुटीत, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहानशा धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या हँगरमध्ये.

आमच्यापैकी एकीचा थोरला भाऊ, दादा, तिथे पस्तीस वर्षे राहतो. निवृत्तीनंतर त्याने एक जुने द्विपंखी विमान विकत घेतले. कारखान्यात तयार झालेले नव्हे, एका गृहस्थाने नकाशे मागवून स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेले. या जातीच्या विमानाचा पहिला नमुना शिकागोतल्या एका शाळेच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली बांधला आणि तो 1960 मध्ये उडाला, हे ऐकल्यावर आम्हां शिक्षकांचा जीव त्या यंत्रात थोडा अधिकच गुंतला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, त्यांवर ताणून बसवलेले कापड आणि आसन एकच. उडेल तेव्हा दादा एकटाच असणार. दादा चौसष्ट वर्षांचा होता.

मूळ बांधणारा वारला होता. त्याच्या पत्नीने विमानाबरोबर त्याच्या नोंदवह्याही दिल्या. सुबक, उजवीकडे किंचित कललेले अक्षर. प्रत्येक खिळ्याचा हिशेब. हस्तलिखितांची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांना त्या वह्यांनी पहिल्याच दिवशी जिंकले.

विमान बरीच वर्षे उभे होते. पंख आणि इंजिन यांचे काम दादाने आधीच उरकले होते. राहिले होते लँडिंग गिअर आणि ब्रेक. आकाशात ज्यांचे काही काम नाही अशा या गोष्टी. परंतु ज्या विमानाचे तिसरे चाक शेपटीखाली असते त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. जमिनीवर धावताना ते जरा वाकडे झाले की मागचा भार त्याला आणखी वाकडे लोटतो आणि वेळीच आवरले नाही तर विमान स्वतःभोवती गरकन फिरते, पंख जमिनीला टेकतो. एका चाकाचा ब्रेक अडकून राहिला तर एवढे घडायला पुरेसे आहे.

उजवा ब्रेक नेमका तसाच अडकत होता. दादाने टाचेखालच्या पेडलजवळचा सिलिंडर उघडला. आतल्या रबरी कड्या फुगून मऊ झाल्या होत्या. त्या कड्या विमानाच्या तांबड्या खनिज तेलासाठी होत्या. मोटारीचे ब्रेक ऑइल त्यांना चालत नाही. ही चूक मधल्या कुण्या मेकॅनिकची, असे आम्ही गृहीत धरले. अर्थात, आमच्या व्यवसायात दोष नेहमी मधल्या लेखनिकाचाच असतो! मात्र शेवटच्या वहीत ती नोंद सापडली. अक्षर त्याचेच होते, पण थरथरलेले, ओळ सोडून खाली घसरलेले. त्याने स्वतःच मोटारीचे तेल भरले होते आणि प्रामाणिकपणे तसे लिहूनही ठेवले होते. ती नोंद वाचायला दुसरे कोणी नव्हते.

दादा बराच वेळ वही धरून बसला. मग म्हणाला, "तुम्ही मास्तर लोक ना? उद्यापासून मी काम करीन आणि तुम्ही पुस्तकातली एकेक पायरी मोठ्याने वाचा. मी 'झालं' म्हटलं तरी विश्वास ठेवू नका, येऊन बघा."

त्याप्रमाणे आम्ही वाचत गेलो. सगळ्या कड्या बदलल्या, नळ्या धुतल्या. तेल चाकाकडून वर ढकलत नेले, कारण हवेचा बुडबुडा वरच चढतो. त्याला वरून खाली रेटणे व्यर्थ. धक्का सोसणारे रबरी दोर बदलले. त्या दोरांच्या सुती वेष्टणात विणलेले रंगीत धागे त्यांचे उत्पादन-वर्ष आणि तिमाही सांगतात, हे कळल्यावर कालनिर्णयासाठी कागद आणि शाई तपासणाऱ्या आम्हांला मोठी गंमत वाटली.

गिअरच्या नळ्यांवर मात्र बांधणाऱ्याने लावलेला हिरवा रंग होता, ब्रशाच्या खुणांसकट. दादा तो खरवडून काढणार होता. आम्ही दोघांनी त्याला अडवले. "एवढा तरी त्याचा हात राहू दे," असे आम्ही म्हणालो आणि त्याने ऐकले.

तेव्हाच्या नियमांप्रमाणे वार्षिक तपासणी परवानाधारक मेकॅनिककडूनच करून घ्यावी लागे. तिचा अधिकार मूळ बांधणाऱ्याला मिळू शकत असे, नंतरच्या मालकाला नाही. आलेल्या बाईंनी ब्रेक दाबून पाहिले, मान हलवली आणि डाव्या पायाच्या जोडापाशी बोट ठेवून विचारले, "हा रंग का ठेवलात?" उत्तर आमच्याकडे होते, पण ते सांगण्याजोगे नव्हते. रंग उतरवून त्यांनी लाल द्रव लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली. वेल्डिंगच्या कडेला चीर होती.

कोणी काही बोलले नाही. दादाने आम्हांला दोष दिला असता तर बरे वाटले असते. त्या रात्री आम्हां दोघांना झोप लागली नाही. आम्ही जपलेल्या त्या रंगाआड, एकच आसन असलेल्या विमानात, आमचा भाऊ बसणार होता.

नळीचा तो भाग कापून नवा जोडला गेला. आमची सुटी संपण्यापूर्वी आम्ही विमान फक्त धावपट्टीवर धावताना पाहिले. दोन्ही चाके सारखी थांबली, विमान सरळ राहिले. नंतर दादाने नवी नोंद लिहिली: तारीख, काय काढले, काय घातले, चीर कुठे होती. जुनी चुकीची नोंद त्याने खोडली नाही. तिच्यासमोर फक्त नव्या पानाचा आकडा घातला. मग वही आमच्यापुढे सरकवून म्हणाला, "वाचा." आम्ही वाचली. एक तारीख चुकली होती, ती सांगितली.

ऑगस्टमध्ये तो उडाला. उतरल्यावर त्याने फोन केला आणि आधी ब्रेकविषयीच बोलला.

एकनाथांचे प्रकरण आम्ही आजही शिकवतो. पूर्वी ज्या ठिकाणी आमचा स्वर आदराने खाली येत असे, तिथे आता आम्ही थांबतो आणि वर्गाला विचारतो, की हा रंग आपण का ठेवला आहे?