खाटा मोजून घे

शेजारचे काका एजंटने दिलेला कागद घेऊन आले तेव्हा मी नाईट करून नुकतीच घरी आले होते. बेंगळुरूचं कॉलेज, बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचे साडेसहा लाख, हॉस्टेलसकट. "बाय, एवढं बघ गो. सुटतील ना हे पैसे?" त्यांची मुलगी दाराशी उभी होती. बारावी सायन्स झालेली, सीईटी दिलेली.

मी फळीवरची माझी जुनी वही काढली. पैसे सुटतात, पण कुठे आणि केव्हा, ते त्या वहीत आहे.

मी २०११ मध्ये जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, गेले. तेव्हा तो कोर्स साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. फी, पहिल्या वर्षीचं हॉस्टेल, युनिफॉर्म, पुस्तकं, परीक्षा, सगळं मिळून २,७४,००० रुपये. त्यातले दोन लाख बँकेचं शैक्षणिक कर्ज. चार लाखांच्या आत असल्याने तारण लागलं नाही. उरलेले आईच्या भिशीतले आणि बाबांच्या पीएफमधले. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं, हे आमच्या घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. हप्ते सुरू झाले तेव्हा दोन लाखांचे दोन लाख साठ हजार झाले होते. ४,६०० रुपये महिना, सात वर्षं. एकूण ३,८६,४०० रुपये भरले.

आणि पहिला पगार ९,५००.

ते वीस खाटांचं नर्सिंग होम होतं. बारा तासांची ड्युटी, रात्री सगळ्या खाटांना मी एकटी. इंटर्नशिपमध्ये शिकलेलं हात विसरायला लागले होते, याचं मला पगारापेक्षा जास्त वाईट वाटायचं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला निदान २०,००० द्यावेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतके. मी त्या बातमीचं कात्रण वहीत चिकटवलं. माझा पगार त्या वर्षी ११,००० झाला.

म्हणजे मोठं रुग्णालय गाठायचं. पण आम्ही राहतो त्या दिवा स्टेशनवरून गाठायचं कसं? दिव्याला तेव्हा फक्त स्लो गाड्या थांबायच्या. त्या डोंबिवलीहूनच भरून यायच्या, दाराला हात लावायलाही जागा नसायची. २ जानेवारी २०१५ ला इथल्या लोकांचा संताप रुळांवर उतरला, मध्य रेल्वे कित्येक तास बंद पडली. त्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर युनिफॉर्मची पिशवी छातीशी धरून बसले होते आणि वॉर्डात माझी गैरहजेरी लागली. डिसेंबर २०१६ मध्ये फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागली. त्यानंतर दोन महिन्यांत मी मुंबईतल्या मोठ्या खाजगी रुग्णालयात रुजू झाले, २२,००० वर. सर्टिफिकेट तेच, हात तेच, पगार दुप्पट! २०२३ च्या भरतीत सरकारी अधिपरिचारिका झाले, मूळ वेतन ३५,४००. तोवर कर्ज फिटलं होतं. कोर्सला जाऊन बारा वर्षं झाली होती.

काकांनी विचारलं, "मग पोरीनं डिग्री करू नये, तुझ्यासारखं जीएनएम करावं?"

नाही. राज्याच्या भरतीत पहिल्या पायरीवर दोघींचं वेतन सारखंच, हे खरं. पण एम्सची परीक्षा बी.एस्सी. झालेली मुलगी रजिस्ट्रेशन झाल्याबरोबर देऊ शकते. तिथे मूळ वेतन ४४,९०० आहे. जीएनएमवालीला त्याआधी दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही निदान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला. माझी वीस खाटांमधली वर्षं तिथे धरलीच गेली नसती. पुढे एम.एस्सी. करायचं, शिकवायचं, तर जीएनएमवालीला आधी आणखी दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी. पोरीकडे सायन्स आहे, तिने डिग्रीच करावी. फक्त साडेसहा लाखांना नाही.

काकांचं उत्पन्न आठ लाखांच्या खूप आत, जात ओबीसी. जुलै २०२४ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे अशा मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, राज्यातल्या खाजगी कॉलेजातही. मुख्य अट ही की प्रवेश सीईटीनंतरच्या सामायिक फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, आणि एजंटकडे असते ती तीच सीट. दोन राउंड थांबायला लागलं तर थांबा, असं मी हात जोडून सांगितलं. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "ताई, कॉलेज कसं निवडायचं? सगळ्यांचे फोटो सारखेच दिसतात."

खाटा मोजून घे, म्हटलं. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय लागतं, असा नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. इमारत नको बघू, वॉर्डात जा.

रविवारी माझी सुट्टी होती. तिने पसंतीक्रमात लिहायला काढलेल्या एका कॉलेजात आम्ही दोघी गेलो. ती वॉर्डावॉर्डातून बोटांवर मोजत चालली होती, मी मागे. शेवटच्या वॉर्डाच्या दारात थांबून हळूच म्हणाली, "ताई, खाटा शंभरच्या वर आहेत. पण पेशंट एकोणीसच."

तिने पिशवीतून यादी काढली आणि त्या नावावर काट मारली.