चाळीत काय ठेवून येशील?

पुणे

चि. मनू,

तुझं पत्र पोचलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचं ऑन जॉब ट्रेनिंग तू वरळीच्या बीडीडी चाळीत, जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घेऊन करणार, हे वाचून बरं वाटलं. ‘मावशी, किती मुलाखती घेतल्या म्हणजे पुरे?’ असं विचारलं आहेस. तीन पुरे. मात्र त्या तिन्ही चाळीला परत करायच्या.

हिशेब मांडून बघ. चार श्रेयांकांचे तुझ्याकडे १२० तास. एका तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवून काढायला सहा-सात तास सहज जातात. दोघं एकदम बोलली किंवा मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या की आणखी. तिघांशी दोन-दोन तास बोललीस, तर उतरवण्यातच चाळीसेक तास गेले. उरलेल्या वेळात वाचन, आधीच्या ओळखीपाळखी, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवणं आणि ते सांगतील त्या दुरुस्त्या. वीस मुलाखतींचा आकडा अहवालात भारदस्त दिसतो, पण त्या वीस फायली पुढे कुणी ऐकत नाही.

जाण्यापूर्वी चाळींची माहिती करून घे. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या २०७ इमारती उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. आता तुझ्या वरळीत म्हाडा टॉवर बांधते आहे आणि पात्र भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. ‘पात्र’ हा शब्द विसरू नकोस. हातात वही घेतलेली अनोळखी मुलगी दारात उभी राहून ‘तुम्ही इथे कधीपासून राहता? आजोबांच्या नावची भाडेपावती आहे का?’ असं विचारू लागली, तर माणसं सावध होणारच. तू कोण, कशासाठी आलीस, हे कागद कुठे जाणार आणि कुठे जाणार नाहीत, हे पहिल्याच भेटीत सांग. त्या दिवशी रेकॉर्डर बाहेर काढूच नकोस.

पहिला प्रश्न गिरणी संपाचा नको. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप आणि त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याबद्दल प्रत्येकाकडे एक तयार भाषण असतं. ते इतक्यांदा सांगून झालेलं असतं की त्यात माणूस सापडत नाही. त्याऐवजी, पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघायचात, डबा कोण करायचं, बदली कामगार म्हणून गिरणीच्या गेटवर उभं राहायचात तेव्हा जॉबर, म्हणजे मुकादम, कुणाला आत घ्यायचा, असं विचार. कामाबद्दल विचारलं की हात हलायला लागतात. यंत्रापुढे कसं उभं राहायचं ते माणूस उठून दाखवतो. संप मग आपोआप येतो, आणि पगार थांबल्यावर घरात काय काय झालं, तेही त्याच्यासोबत येतं.

नवरा बोलत असताना बायको चहा करत असेल. तिची मुलाखत वेगळी घे. संपात घर कुणी चालवलं, याचं उत्तर बहुतेक तिच्याकडेच असतं. गिरणगावातल्या कित्येक बाया खानावळी चालवायच्या, गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालायच्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांना सोबत घेऊन. आता १६० चौरस फुटांत एकांत मिळायचा कुठे? दुपारी गॅलरीत बस, नाहीतर चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीची वेळ मागून घे.

मंडळाच्या खोलीत कपाट असेल, तर गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिका आहेत का ते बघ. कार्यकारिणीची नावं, कबड्डीच्या संघाचे फोटो, बंद पडलेल्या दुकानांच्या जाहिराती, वर्गणीदारांच्या याद्या असं खूप काही त्यांत सापडतं. चाळीने स्वतःच्या हाताने लिहिलेला हा इतिहास आपल्या ग्रंथालयांत क्वचितच सापडतो. तिथेच बसून पानापानाचे फोटो काढ आणि मूळ अंक कपाटात परत ठेव. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरं शोधत हिंडले, इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्या काळी वाळवीपासून कागद वाचवायचा तर तो उचलून आणण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. तुझ्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे ‘दोन दिवसांसाठी नेते’ म्हणायची तुला गरज नाही.

संमतीपत्र मराठीत कर, एका पानाचं, आणि ते वाचून दाखव. नाव छापायचं की नाही, कोणता भाग बंद ठेवायचा, पुढे मन बदललं तर काय, हे सगळं त्यात असू दे. ही औपचारिकता समजू नकोस. संप चालू असताना कोण आधी कामावर गेला, युनियनच्या भांडणात कुणी कुणावर हात टाकला, हे चाळीत अजून नावानिशी आठवत असतं. तुझ्यासाठी तो पुरावा. त्यांना मात्र त्याच जिन्याने रोज शेजाऱ्यासमोरून जायचं असतं.

तुला वाटत असेल, एवढ्याशा कामाला कोण इतिहास म्हणणार? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केलं. १९८९चं ते पुस्तक. दोघींपैकी एकही इतिहासाची प्राध्यापक नव्हती. गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४मध्ये इंग्रजीत आला, तो मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा; एक चळवळीतली कार्यकर्ती, दुसरी वास्तुरचनाकार. पुढे तो मराठीतही आला, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. ज्यांनी सांगितलं त्यांना, त्यांच्या मुलांना तो वाचता आला.

तुझ्या अहवालाची वाट मात्र ठरलेली: मार्गदर्शक, बाहेरचे परीक्षक, विभागाचं कपाट. चाळीतली माणसं त्या वाटेवर कुठेच नाहीत. म्हणून वेगळं काही कर. तीन मुलाखतींची सोळा-वीस पानांची मराठी पुस्तिका काढ, ठळक अक्षरांत, म्हाताऱ्यांना वाचता येईल अशी. रेकॉर्डिंगची एक प्रत त्या त्या घरी, एक मंडळाकडे, एक कॉलेजच्या ग्रंथालयात, आणि बंद ठेवलेल्या भागाची अट प्रत्येक ठिकाणी लिहून दे. स्मरणिकांचे फोटो येत्या गणपतीत मांडवाजवळ लावता आले, तर तिथे उभी राहून लोक काय बोलतात ते ऐक. ‘हा आमचा दादा’, ‘हे साल चुकलंय’ असं कुणीतरी म्हणेलच. तेवढ्याने तुझं निम्मं संशोधन तपासून होईल.

आणि घाई कर. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या घरात आहे, आणि टॉवरमध्ये गेल्यावर कोण कुठल्या मजल्यावर राहतं हे शोधण्यातच तुझे तास संपतील.

संमतीपत्राचा मसुदा आठवड्याभरात पाठव, मी तांबडी पेन्सिल घेऊन बसते. मार्क कमी पडले तर सरांशी भांडायला मी येणार नाही. चाळीतल्या कुणी पुस्तिकेत चूक काढली का, एवढं मात्र फोनवर नक्की विचारीन. कुणी काढली नसेल, तर ती कुणी वाचलीच नाही असं समजेन.

ताईला नमस्कार सांग. तब्येत सांभाळ.

तुझी,
मावशी