आम्ही, आपण आणि पेव्हर ब्लॉक

2017च्या महापालिका निवडणुकीआधी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी एक कागद घेऊन घरी आले. "ताई, मराठी करून द्या. दहा मिनिटांचं काम आहे." मजकूर इंग्रजीत होता : अमुक उमेदवाराला सोसायटीतल्या रहिवाशांचा जाहीर पाठिंबा. बदल्यात काय, ते कागदावर नव्हतं. पण आवारात पेव्हर ब्लॉक बसणार, हे जिन्यात खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं.

मी पहिल्याच शब्दाला अडले. इंग्रजीतल्या 'वुई'साठी मराठीत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत येतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. गुजराती आणि तमिळमध्येही हा भेद आहे, हिंदीचा 'हम' तो पाळत नाही. (एम.ए.ला याच उदाहरणावर मी बरे गुण मिळवले होते.) पत्र उमेदवाराला, तेव्हा 'आम्ही'च बरोबर. पण आम्ही म्हणजे कोण? बिऱ्हाडं 84, निर्णय कमिटीतल्या सात जणांचा. सर्वसाधारण सभा बोलावलीच नव्हती.

मी पळवाट काढली. सरकारी मराठीत कर्ता गायब करण्याची जुनी सोय आहे : 'पाठिंबा जाहीर करण्यात येत आहे.' व्याकरण निर्दोष, सेक्रेटरी खूश. दोन दिवसांनी गेटवर फ्लेक्स लागला. माझं वाक्य जसंच्या तसं, आणि खाली कोणीतरी जोडलेलं : 'समस्त रहिवासी'.

तळमजल्यावरच्या मावशींचा मुलगा दुसऱ्या पक्षाचं काम करायचा. दुधाची पिशवी हातात घेऊन त्या फ्लेक्सपाशी उभ्या होत्या. "हे तू लिहिलंस ना? यात मी आहे का गं?"

मी म्हणाले, मी फक्त भाषांतर केलं.

त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला त्यांच्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

सहकारी चळवळ आपलं मूळ 1844च्या रॉचडेलच्या दुकानात शोधते. त्या परंपरेतून 1937मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर जी तत्त्वं मांडली गेली, त्यांत राजकीय आणि धार्मिक तटस्थता होती. आमच्या फलकावरही 'सहकारी' आहे, पण 'को-ऑप.' एवढाच उरलेला. आम्ही एकत्र आलो ते पाण्याची टाकी, लिफ्ट आणि वॉचमनचा पगार यांच्यापुरते. त्यावरही भांडतोच.

2024च्या विधानसभेला नवे सेक्रेटरी तसाच कागद घेऊन आले. मी म्हटलं, "'आम्ही' लिहून देते, पण खाली कमिटीतल्या सातही जणांची नावं घालायची." ते नावं गोळा करायला गेले. चौघांनी दिली. त्यातल्या एका काकांनी विचारलं, "हे गेटवर लावणार का?" हो म्हटल्यावर त्यांनी आपलं नाव खोडलं. तीन नावांचा तो कागद सेक्रेटरींनी घडी करून खिशात ठेवला, आणि पुन्हा काही तो माझ्याकडे आला नाही.

मावशी तोवर घर विकून गेल्या होत्या.