पडलेलं झाड

आहुप्याच्या भैरवनाथाच्या राईत शिरलं की पायाखालची जमीनच बदलते. बाहेर मुरूम आणि भातखाचरांचे बांध. आत पाऊल ओल्या पाचोळ्यात रुततं. वाटेत एखादं जुनं झाड आडवं पडलेलं असतं. साल सुटलेली, गाभा भुसभुशीत, अंगावर शेवाळ, फटीतून वर आलेलं जांभळीचं कोवळं रोप. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावलेला नसतो. देवराई ओळखायची माझी खूण हीच: उभ्या झाडाइतकाच इथे पडलेल्या झाडालाही मान आहे.

हा मान देणाऱ्या महादेव कोळ्यांचा संसार बाहेर कोयत्यावरच चालतो. उन्हाळ्यात हिरड्यावर चढून बाळहिरडा उतरवायचा, रोपांसाठी झाडांच्या फांद्या छाटून राब भाजायचा, पडकईला सगळ्या वाडीने जमून उतारावर नवं खाचर काढायचं. लाकडाची गरज काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको. तरीही राईच्या हद्दीत कोयता चालत नाही. वाळकी काटकी वेचायची ती तिथल्या तिथे देवाचा नैवेद्य शिजवण्यापुरती, घरच्या चुलीसाठी नव्हे. गावकामाला खोड हवंच असेल, तर आधी देवाला कौल लावायचा. गरज असलेल्या माणसांनी ही राई राखली, म्हणून मला तिचं मोल अधिक वाटतं.

न उचललेल्या त्या लाकडावर केवढं चालतं! वाळवी, भुंगेरे, गोगलगायी, बुरशी. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री या पट्ट्यात काही कुजक्या फांद्या बुरशीमुळे फिकट हिरव्या उजळतात. कुजलेलं मातीत मिसळतं, माती पाणी धरते, आणि पाऊस सरल्यावरही झरे ठिबकत राहतात. घोड नदी याच डोंगरांतून निघून डिंभे धरणाला मिळते. वर, एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवरून शेकरू जमिनीला न टेकता राईभर फिरतं. त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. भैरवनाथाची आण त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत हिंडले, तेव्हा कुठे शहरातल्या अभ्यासकांना या आणेचं महत्त्व उमगलं.

जुन्नरकडे दुर्गवाडीच्या दुर्गादेवीची राईही अशीच गर्द. अशा ठिकाणचे देव मूळचे साधे: शेंदूर लावलेला तांदळा, फार तर दगडांचं कोंडाळं. कित्येक गावांत तर देवीला छप्पर चालत नाही, अशी जुनी समजूत. झाडांची सावली हाच तिचा गाभारा. आता भक्ती वाढली आहे आणि पैसाही. नोकरीला बाहेर पडलेली मुलं कौतुकाने देणगी पाठवतात. मग सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, आवारात फरशी येते, गाडी पोहोचावी म्हणून वाट रुंद होते. पाचोळा झाडून पेटवला जातो आणि पडलेलं खोड ‘घाण’ म्हणून हलवलं जातं. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण फरशीवर अंजनीचं बी रुजत नाही, आणि मंडपासाठी दोन झाडं गेली की शेकराची वरची वाट तुटते.

मंडप हवाच असेल, तर तो गावात शाळेजवळ बांधावा. लग्नकार्यालाही उपयोगी पडेल. देवाची पालखी उत्सवाला तिथवर येईलच.